स्वतःच्या अक्षराला भ्यालेले दाजी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काही भयंकर आलं, म्हणजे कुठे स्फोट झाला, कुठे गोळीबार झाला, तोंडाला फडकं बांधलेल्या कुणाचा व्हिडिओ आला, की माझा अंगठा त्या पुढे पाठवायच्या बाणावर जातो आणि तिथेच थांबतो. नाही पाठवत मी. सून म्हणते, "आई, अख्ख्या ग्रुपात तुमच्याकडूनच कधी काही येत नाही." कौतुक करते की टोमणा मारते, तिचं तिला ठाऊक. पण हा गुण माझा नव्हे. ही दाजींची देणगी. आणि शिकवलं म्हणाल तर त्यांनी मला यातलं एक अक्षर शिकवलं नाही. त्यांचे हाल बघून मी शिकले.

दाजी म्हणजे दाजी गावडे. घोडपदेवला आता आमचा टॉवर आहे, तिथे पूर्वी आमची चाळ होती. माणसं तीच, फक्त वर चढवून ठेवलीत. त्या चाळीत दाजी तळमजल्याला, जिन्याला लागून राहायचे. मूळचे मालवणकडचे. गिरणीत कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचे. गिरणी बंद पडली तेव्हा लालबागला पाट्या रंगवायच्या दुकानात लागले. उंच, किडकिडीत माणूस. चालताना पुढे वाकलेला, कायम कुणाच्या तरी खांद्यावरून पेपर वाचत असल्यासारखा. आणि शर्टाच्या खिशाला बारा महिने खडूची भुकटी, कारण चाळीचा फळा त्यांच्याकडे होता.

आताच्या मुलांना सांगावं लागतं फळा म्हणजे काय. जिन्याखाली, मंडळाच्या खोलीच्या भिंतीला, एक मोठा काळा फळा. कुणाकडे बारसं, कुणाचा मुलगा पास झाला, पाणी कधी येणार, गावी कोण वारलं, सगळं त्यावर. वर जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबून वाचणार आणि मगच पायरी चढणार. पाहुणासुद्धा. दाजींचं अक्षर असं देखणं की मयताची बातमीही लोक दोनदा वाचायचे. खडू ते साखरपाण्यात भिजवून ठेवायचे. त्याने रंग झळकतो आणि येताजाता कुणाचा पदर लागला तरी पुसत नाही. इंदूवहिनी, त्यांची बायको, ओरडायची, "चायत घालूक साखर नाय आणि ह्येंच्या खडूंक पाक!"

दाजींचा सगळा अभिमान एका गोष्टीचा. बातमी पहिली त्यांच्या फळ्यावर. "पेपरवालो उद्या सांगतलो, दाजी आज सांगता," असं छाती काढून म्हणायचे. त्यापायी कुणाच्या दाराशी रेंगाळतील, पोस्टमनला चहा पाजतील, काय वाटेल ते करतील. माझ्या वंदनाला बघायला भांडुपची माणसं आली तेव्हाची गंमत सांगते. पोहे अजून बशीत होते, मुलाकडच्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. मुलाची आत्या जाता जाता जिन्याखाली थांबली आणि वाचते तर काय, 'चि. सौ. कां. वंदना हिचे लग्न ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', भोवती वेलबुट्टी. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. आत्याबाई म्हणाल्या, "हे कुणी ठरवलं?"

दाजी तिथेच उभे, हातात गुलाबी खडू. म्हणाले, "ठरला नाय? मी खिडकीतसून बघलंय, तुमच्या झिलान पोहे दुसऱ्यांदा घेतल्यान."

आत्या आधी लाल झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं. लग्न ठरलं. दाजी पुढे वर्षानुवर्षं ते श्रेय घ्यायचे, आणि मीही देऊन टाकलं होतं.

तर असा माणूस. सांगितल्याशिवाय राहवायचं नाही त्याला. हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

शहरात तो हल्ला झाला तेव्हा दाजींचा संजू समुद्राकडच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. चादरी, टॉवेल, अभ्रे यांच्या खात्यात. रात्रपाळीला गेला आणि रात्रीच सगळं सुरू झालं. सकाळपर्यंत दाजींच्या खोलीत अर्धी चाळ जमली होती. टीव्हीवर तीच इमारत, तोच धूर, खाली धावणाऱ्या पट्ट्या. संजूची बायको सुजाता माळ्याच्या शिडीला टेकून बसली होती, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं बिचारीच्या. दाजी एकेका खिडकीकडे बोट दाखवून विचारत होते, "ती त्येची खोली काय? ती?" कुणाला काय माहीत!

मग फोन वाजला. इंदूवहिनीच्या मोबाइलवर. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. संजू कुजबुजत होता. जिवंत आहे, मजल्यावरच्या चादरींच्या खोलीत आहे, बरोबर पाहुणे आहेत, दार आतून लावलंय. एवढंच. फोन बंद.

वहिनीने देवापुढे डोकं टेकलं. खोलीत रडारड, हसाहस. आणि दाजी? दाजी उठले, खिशातून खडू काढला आणि जिन्याखाली गेले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही हो. उलट बरं वाटलं, कारण रात्रीपासून चाळीतला जो तो विचारायला येत होता, एकेकाला किती सांगणार? त्यांनी लिहिलं की आपला संजू सुखरूप आहे. कुठल्या मजल्यावर आहे तेही लिहिलं. चादरींच्या खोलीत पाहुण्यांसह दार लावून बसला आहे, सर्वांनी प्रार्थना करावी. खाली 'समस्त रहिवासी'. पिवळ्या खडूने, सुरेख.

पुन्हा फोन आला तेव्हा दाजी चहाचा पहिला घोट घेत होते. संजूच होता. आवाज अजून बारीक. "बाबा, टीव्हीवाले आले तर आमचं काही बोलू नका. कुठे आहोत ते तर अजिबात नाही. इथले साहेब सांगतायत, या बंदूकवाल्यांची माणसं बाहेर कुठेतरी टीव्ही लावून बसलीत. बघतात आणि आतल्यांना फोन करून सांगतात, या मजल्यावर जा, त्या मजल्यावर जा."

दाजींनी कप खाली ठेवला. म्हणजे ठेवायला गेले, तो जमिनीवर पडला. आणि त्याच वेळी बाहेरून शेजारच्या शिंदेवहिनींचा आवाज, आनंदाने भरलेला, "या ना, या! हीच चाळ. इथेच राहतो आमचा संजू!"

एका चॅनलची गाडी आली होती. एक मुलगी, कोवळी अगदी, रात्रभर झोपली नसावी, हातात माइक. मागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस. दाजी धावले. त्या वयात मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. फळ्यावर हात फिरवला, शर्टाने पुसलं, बाहीने घासलं. साखरेचा खडू तो, फक्त थोडा फिकट झाला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मग ते वळले आणि पाठ फळ्याला लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

ती मुलगी म्हणाली, "काका, तुमचा मुलगा आत आहे ना? कुठल्या मजल्यावर आहे? काही फोन आला का?"

"माझो झील गावाक गेलोहा."

"काय बोलताय दाजी?" शिंदेवहिनी म्हणाल्या. "अहो, फळ्यावर तुम्हीच तर सगळं लिवलंय."

दाजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ती बोलकी बाई तोंडाला पदर लावून मागे सरली. मी शिंदेवहिनींचा दंड धरून कानात सांगितलं काय झालंय ते. त्यांनी पुढच्या बाईला सांगितलं. जिन्यावर वरपर्यंत एकेक तोंड मिटत गेलेलं मला दिसलं. आमच्या चाळीत असं कधी झालं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "पण आत त्या ताई रडतायत ना?"

"पोटात दुखता माझ्या सुनेच्या," इंदूवहिनी म्हणाली. ती नळावरून भरलेली बादली घेऊन आली होती. तिने ती बादली फळ्यावर रिकामी केली. फळ्यावर आणि नवऱ्यावर. दाजींच्या डोक्यावरून पिवळं पाणी गळायला लागलं. एरवी चाळ महिनाभर हसली असती.

"काका, बोला ना," ती मुलगी अजून म्हणत होती. "सगळं जग बघतंय."

"तेच तर," दाजी म्हणाले.

तिने माइक खाली केला. काय समजायचं ते समजली असावी, किंवा नसावीही. कॅमेरावाल्याकडे वळून काहीतरी बोलली, फोन कानाला लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि गाडी निघून गेली. पण तो कॅमेरावाला फाटकापासूनच कॅमेरा खांद्यावर घेऊन आला होता. त्यावरचा लाल दिवा पेटलेला मंडळाच्या सेक्रेटरीने पाहिला होता. दाजींची पाठ फळ्याला लागण्याआधी त्याने काय घेतलं? ते थेट दाखवलं गेलं का? कोण सांगणार?

तो दिवस मी विसरणार नाही. दाजी टीव्हीसमोर बसले, ओल्या कपड्यांनी, रिमोट घेऊन. हे चॅनल, ते चॅनल, मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठेही थांबायचे नाहीत. वहिनीने टॉवेल दिला तो तसाच मांडीवर. पोरगा दिसावा म्हणून टीव्हीला डोळे लावून बसलेले आईबाप त्या दिवशी शहरात पुष्कळ असतील. आपलं अक्षर दिसू नये म्हणून बसलेला हा एकच बाप. प्रत्येक वेळी चित्र बदललं की ते आधी मागची भिंत बघायचे. फळा दिसला नाही. पण त्यांच्यापुढे एकच टीव्ही होता आणि चॅनलं किती!

दुपारी संजूच्याच मजल्यावर गोळीबार झाला. पट्टीवर आलं, मजल्याच्या नावानिशी. मग संध्याकाळ गेली, रात्र गेली. संजूचा फोन लागत नव्हता.

संजू दुसऱ्या दिवशी घरी आला. अंगाला धुराचा वास, आवाज बसलेला. चाळीने त्याला ओवाळलं. कुणीतरी ओरडलं, "दाजी, लिवा आता! मोठ्या अक्षरात!" दाजींनी खिशातले खडू काढून सेक्रेटरीच्या हातात ठेवले आणि आत गेले. त्यानंतर त्या फळ्यावर त्यांनी काही लिहिलं नाही. सेक्रेटरीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं, तेच आम्ही वाचत राहिलो.

का लिहिलं नाही, ते मला पुढे सुजाताकडून कळलं. चादरींच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत एक म्हातारं जोडपं होतं, परदेशी. संजू त्यांना टॉवेल नेऊन द्यायचा. दुपारच्या त्या गोळीबारात ते गेले. संजूने हे घरी एकदाच सांगितलं, आणि दाजींनी त्याला एकच प्रश्न विचारला, "दुपारीच कशे इले ते बंदूकवाले त्या मजल्यार?"

संजूने परोपरीने समजावलं. "बाबा, ते रात्रीपासून मजल्यामजल्यावर फिरत होते. तुमच्या फळ्याचा काय संबंध?" दाजी मान हलवायचे. पटायचं नाही.

पुढे चाळ पडून टॉवर झाला, घराघरात मोठे फोन आले. संजूने बापाला एक घेऊन दिला, वाटलं भजनं ऐकतील. दाजी एकच गोष्ट शिकले. त्या दिवसांचं चित्रण लोकांनी तुकड्यातुकड्याने टाकून ठेवलेलं असतं ना, ते शोधायचं. गॅलरीत खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसायचे. एके दुपारी सुजाता तो फोन घेऊन माझ्याकडे आली, चेहरा पांढराफटक.

"काकी, हे बघा बाबा काय बघतायत. पोलीस येतील ना आपल्या घरी?"

मी चष्मा लावून बघितलं आणि फोन पालथाच घातला. तोंडं झाकलेली माणसं, झेंडा, बंदुका, मागे गाणं, खाली आपल्याला वाचता येईल असं लिहिलेलं. एक संपला की फोन आपणहून दुसरा लावत होता, पहिल्यापेक्षा वाईट.

मी दाजींना विचारलं, "दाजी, हे काय?"

"मी माझो फळो शोधतंय, वैनी. ह्यो फोन माका ह्येच दाखवता." मग म्हणाले, "मी पाट्ये रंगवलंय. पाटी दुकानदारासाठी नसता, रस्त्यार चलणाऱ्यासाठी आसता. ह्येनी गाणा घातलानी, अक्षरां घातलानी. मारलेलो माणूस ही ह्येंची पाटी. मेलो तेका नाय, आपल्याक घाबरवूचा आसता. आणि पाटी घरोघर कोण पोचवता? आपणच. फुकट."

संजूने फोन साफ करून घेतला आणि काढूनच घेतला. मग दाजी दुसऱ्यांकडे मागायला लागले. "जरा बघूक दी." लोक टाळायचे. लिफ्टमध्ये दाजी आत आले की कुणीकुणी फोन खिशात घालायचं. मला फार वाईट वाटायचं. असला गप्पिष्ट माणूस, आणि लोक त्याला चुकवतायत.

टॉवरमधलीच एक गोष्ट सांगते. गणपतीच्या आधीचे दिवस, लालबागला मुंगीला वाट नाही. सकाळी ग्रुपवर आलं, 'लालबाग मार्केटात तिघे हत्यारबंद शिरलेत, रस्ते बंद, सगळ्यांना कळवा.' सोबत व्हिडिओ, कुठल्यातरी बाजारात माणसं पळतायत. पाचजणांकडून तेच आलं, मग पंधराजणांकडून. सुजाता मुलीला आणायला शाळेकडे धावली. लिफ्टसमोर झुंबड, जिन्यात एक बाई पडली, तिचा हात मोडला. शिंदेवहिनी खालून ओरडत होत्या, "दारं लावा, दारं लावा!"

दाजी चपला घालत होते.

"कुठे निघालात?" मी म्हटलं.

"बघून येतंय."

"अहो, खरं असलं तर?"

"तर खरा आसा ता कळात."

इंदूवहिनीने बाही धरली, त्यांनी सोडवून घेतली. मी खिडकीतून बघत राहिले. पुढे वाकलेली ती पाठ रस्ता ओलांडून पुलाकडे गेली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. वहिनी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पोलिसांची गाडी गेली की तिची बोटं माझ्या मनगटात रुतायची.

बऱ्याच वेळाने दाजी आले, हातात पिशवी. खाली दाराशी सगळे गोळा झाले. दाजी म्हणाले, "लालबागात गर्दी आसा. मिरची महाग झालीहा. आणखी काय नाय." आणि पिशवी वहिनीपुढे धरली.

"दाजी, मग टाका ना ग्रुपवर, सगळं ठीक आहे म्हणून," सेक्रेटरी म्हणाला. "हा घ्या माझा फोन."

"माझ्या हातान काय टाकूचा नाय."

"अहो, चांगली बातमी आहे."

"ती पण चांगलीच होती," दाजी म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. मजल्यामजल्यावर थांबून, दारं वाजवून, त्यांनी तोंडाने सांगितलं. दमले, जिन्यात बसले, उठले, पुन्हा दार वाजवलं.

इंदूवहिनी गेल्यावर दाजी खचले. मुंबईत त्यांचं मन लागेना आणि टीव्ही लावला की त्यांना धाप लागायची, म्हणून संजूने ठरवलं गावी नेऊन ठेवायचं, चुलतभावाकडे. निघायच्या दिवशी मी निरोपाला खाली गेले. दाजी गाडीत पुढे बसलेले, गुडघ्यांवर शाल. सामान मागे, संजू टायरची हवा बघत होता. दाजींनी मला खिडकीशी बोलावलं.

"वैनी, एक विचारू? त्या दिवशी तू टीव्ही बघी होतंस?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. "थोडा वेळ," मी म्हटलं.

"फळो दिसलो काय?"

"नाही हो दाजी. नाही दिसला."

"खंयचा चॅनल होता?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "आणि बाकीचे?"

मी सुचलं ते बोलले. "दाजी, फळा दिसला असता तर आज ही गाडी चालवायला संजू असता का? तो बघा, उभाय तुमच्यापुढे."

दाजींनी समोरच्या काचेतून संजूकडे बघितलं. केस पांढरे झालेला, पोट सुटलेला संजू, टायरला लाथ मारून बघत होता. दाजींचा चेहरा क्षणभर निवळला. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

"संजू वाचलो गो," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांचो पण खंयतरी कोण झील आसतलो. तेणा विचारला तर काय सांगूचा, दुपारीच कशे इले?"

संजू गाडीत बसला. "काय काकी, पुन्हा तेच का?" म्हणाला, आणि बापाची शाल नीट करून काच वर केली. गाडी फाटकातून बाहेर पडली. काचेआड दाजी अजून माझ्याकडेच बघत होते, मान वळवून, उत्तराची वाट बघत असल्यासारखे.